डिप्लोमा होत आलाय, आता डायरेक्ट सेकंड इयर: ठाणे-नवी मुंबईच्या पोरांसाठी

डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला अॅडमिशन घ्यायचा, म्हणजे सगळे ज्याला डीएसई म्हणतात त्याचा, फॉर्म भरायला एक संध्याकाळ पुरते. त्याच्या आधीचे कागद आणि त्याच्या नंतरचं मॅथ्स या दोन गोष्टींना मात्र वर्ष लागतं, आणि बहुतेक पोरं वर्षभर फॉर्मचंच टेन्शन घेतात आणि या दोन्ही गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मी ठाण्यात डिप्लोमा करून नवी मुंबईत इंजिनिअरिंग केलंय, आता दरवर्षी जून आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी भावाबहिणीचा फोन येतोच, प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतेय. पाचव्या सेमला असाल तर अगदी वेळेवर वाचताय. सहावं सेम संपलं असेल तरी वाचा, फक्त हातपाय जरा पटपट हलवावे लागतील.

आधी बेसिक गोष्ट. दहावीनंतर एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, तीन वर्षांचा डिप्लोमा पास झालात की इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सेमला जाता येतं. सीईटी, जेईई काही द्यावं लागत नाही. मेरिट लागतं ते डिप्लोमाच्या टक्क्यांवर. कमीत कमी ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या रिझर्व्ह कॅटेगरीला ४०. आणि डिप्लोमा पूर्ण पास पाहिजे, एखादा विषय राहिला असेल तर तो सुटेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे अख्खं वर्ष जातं. त्यामुळे मागच्या सेमचा केटी अंगावर घेऊन सहाव्या सेमला "बघू नंतर" करत बसू नका, पहिले तो काढा, बाकीचं सगळं त्याच्यानंतर. शेवटच्या दोन सेमला तर जीव तोडून अभ्यास करा, कारण इथे अर्ध्या टक्क्यानेसुद्धा मेरिट नंबर कुठल्या कुठे जातो.

ब्रँच बदलता येते का, हा प्रश्न शंभरातले नव्वद जण विचारतात. हो, येते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कॉम्प्युटरला गेलेली पोरं आहेत. पण का जाताय ते स्वतःला नीट विचारा. डेटा स्ट्रक्चर्स तुमच्या शेजारी बसलेल्या कॉम्प्युटर डिप्लोमावाल्याने आधीच एकदा शिकलेलं असतं आणि तुम्ही पहिल्यांदा बघत असता, वर मॅथ्स, वर उशिरा जॉइन झालेलं. आवड असेल तर जरूर जा, सुट्टीत सी किंवा पायथन हातात घ्या आणि रोज कोड लिहा. नुसतं "आयटीत पैसा आहे" म्हणून जात असाल तर घरच्यांबरोबर बसून पुन्हा एकदा विचार करा.

आता सीटांचं गणित, कारण हे कळलं की कटऑफ बघून छातीत धडकी भरणं कमी होतं. डीएसईच्या सीटा दोन ठिकाणांहून येतात. एक, मंजूर इनटेकच्या, म्हणजे ब्रँचला मंजूर असलेल्या सीटांच्या, वर १० टक्के जास्तीच्या सीटा. दोन, त्याच बॅचच्या फर्स्ट इयरला ज्या सीटा रिकाम्या राहिल्या त्या. म्हणजे ६० च्या इनटेकला पक्क्या ६ सीटा, १२० ला १२. कॉम्प्युटर, आयटीला चांगल्या कॉलेजात फर्स्ट इयरच फुल होतं, त्यामुळे तिथे त्या ६-१२ सीटांवरच मारामारी असते, आणि त्यातही कॅटेगरीप्रमाणे वाटणी होते, म्हणून ओपनचा कटऑफ इतका वर दिसतो. सिव्हिल, मेकॅनिकलला बऱ्याच कॉलेजात फर्स्ट इयरच्या सीटा उरतात, त्या सगळ्या आपल्याकडे येतात, मग कटऑफ खाली येतो. रिकाम्या सीटा दरवर्षी बदलतात म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ अंदाजाला ठीक, पण त्याला देववाणी समजू नका.

कागद: हे पाचव्या सेमलाच सुरू करा

सगळ्यात जास्त पोरं इथे अडकतात. टक्के असतात, कॉलेज मिळण्यासारखं असतं, आणि एका सर्टिफिकेटपायी कॅटेगरी जाते.

दहावीची मार्कशीट, डिप्लोमाच्या मार्कशीटा, एलसी, आधार हे सगळ्यांकडे असतं. डोमिसाइल मात्र अनेकांकडे नसतं, ते काढून ठेवा. रिझर्व्ह कॅटेगरी असेल तर जातीचा दाखला आणि त्याच्यासोबत जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी असाल तर नॉन क्रिमी लेयर, आणि त्याच्यावरची तारीख बघा, अॅडमिशनच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते व्हॅलिड पाहिजे, दहावीनंतर काढलेलं जुनं चालत नाही. ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेटही त्या वर्षाचं लागतं. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं अॅफिडेव्हिट.

यातली व्हॅलिडिटी सगळ्यात वेळखाऊ. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले, गावचे जुने उतारे असं काय काय मागतात, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांचं गाव साताऱ्याला, रत्नागिरीला, जळगावला, म्हणजे कुणीतरी गावी जाऊन शाळेतून दाखला आणणार, तो मग इकडे येणार. गणपतीला किंवा मे महिन्यात घरचं कुणी गावी जाणारच असेल तेव्हाच हे काम त्यांच्या गळ्यात मारा. अर्ज डिप्लोमाला असतानाच कॉलेजच्या पत्राने करता येतो. काही वर्षी अॅडमिशनच्या वेळी नुसती अर्जाची पावती चालवून घेतात, पण दिलेल्या मुदतीत मूळ सर्टिफिकेट आलं नाही तर तुम्ही ओपनमध्ये जाता, मग मिळालेली सीटसुद्धा हातची जाऊ शकते.

आपल्या भागातली एक गोष्ट खास सांगते, कारण यात पोरांचे हेलपाटे होतात. नवी मुंबई म्हणजे एकच ऑफिस असं नाहीये. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे सगळं ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर, कामोठे, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा. बेलापूर आणि खारघर ही शेजारची स्टेशनं, पण उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल वेगवेगळ्या तहसीलमधून. आपले सरकार पोर्टलवर अर्ज करताना जिल्हा, तालुका नीट निवडा, चुकीच्या तालुक्यात टाकलेला अर्ज आठवडाभर पडून राहतो आणि मग रिजेक्ट होऊन परत येतो. आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना बघा. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव एक, आधारवर स्पेलिंग वेगळं, बँकेत तिसरंच, असं असेल तर आत्ता दुरुस्त करा, जुलैमध्ये सेंटरबाहेर गर्दी असते.

एलसी डिप्लोमाच्या कॉलेजातून काढायला नो ड्यूज लागतो, लायब्ररी, लॅब, अकाउंट सगळ्यांच्या सह्या. रिझल्ट लागला की दुसऱ्याच दिवशी जा. मूळ एलसी नव्या कॉलेजात जमा होते, त्याआधी चांगल्या दहा झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा.

फॉर्म, स्क्रुटिनी आणि मेरिट लिस्ट यात फार काही नाही. सीईटी सेलच्या, म्हणजे या अॅडमिशन बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, साईटवर डीएसईचं वेगळं पान असतं, तिथे रजिस्ट्रेशन, माहिती भरायची, कागद अपलोड करायचे, फी भरायची. तपासणी ई-स्क्रुटिनीने घरबसल्या होते किंवा फिजिकल निवडलं तर फॅसिलिटेशन सेंटरला जावं लागतं. काही चूक निघाली तर फॉर्म परत येतो, म्हणून रोज लॉगिन करून बघा, मेसेज येईल म्हणून वाट बघू नका. मग आधी प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागते, त्यात टक्के, कॅटेगरी, नाव सगळं तपासा, कारण तक्रारीला दोन-तीनच दिवस असतात आणि फायनल लिस्टनंतर कुणी ऐकत नाही. सायबर कॅफेत भरत असाल तर पासवर्ड आणि मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर गेला की तुमचा फॉर्म त्याच्या हातात.

ऑप्शन फॉर्म

ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची क्रमाने भरायची लिस्ट. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे, तो म्हणजे "वरती मोठं कॉलेज टाकलं तर खालचं पण जाईल". असं काही होत नाही. सिस्टिम मेरिट नंबरप्रमाणे एकेकाला घेते, त्याच्या लिस्टच्या वरून खाली येते, आणि ज्या पहिल्या ऑप्शनला त्याच्यासाठी सीट शिल्लक आहे ती देऊन टाकते. समजा तुम्ही पहिलं व्हीजेटीआय टाकलं, दुसरं सरदार पटेल, तिसरं वाशीचं अॅग्नेल, चौथं नेरुळचं एसआयईएस. पहिल्या दोनला नंबर लागला नाही तर सिस्टिम तिसऱ्याला बघते, आणि तिथे तुमच्यापेक्षा कमी मेरिटवाल्याने अॅग्नेल पहिलं टाकलेलं असलं तरी आधी हक्क तुमचाच. म्हणून लिस्ट आवडीच्या क्रमाने लावा, शक्यतेच्या क्रमाने लावू नका. जिथे अजिबात जायचं नाही ते कॉलेज मात्र लिस्टमध्ये टाकूच नका, कारण टाकलं आणि मिळालं तर तेच तुमचं.

पहिलं ऑप्शन मिळालं की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राऊंडला जाता येत नाही, म्हणून एक नंबरला जे टाकाल ते मनापासूनच टाका. खालचं ऑप्शन मिळालं तर दोन मार्ग: आवडलं असेल तर फ्रीझ करा, नाहीतर सीट अॅक्सेप्ट करून बेटरमेंटला पुढच्या राऊंडमध्ये जा. वरचं काही मिळालं तर आधीची सीट आपोआप सुटते, नाही मिळालं तर आधीची तुमच्याकडेच राहते. पण अॅक्सेप्टन्स फी मुदतीत भरली नाही तर ती सीट गेली. कितव्या राऊंडला कितवं ऑप्शन आपोआप फ्रीझ होतं हे नियम बदलत असतात, त्या वर्षीचं माहिती पुस्तक उघडून तेवढं पान तरी स्वतः वाचा, मित्राच्या स्टेटसवर विसंबू नका. आणि फॉर्म सेव्ह करून सोडू नका, कन्फर्म करा.

कटऑफची पीडीएफ बघताना जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मुलींनी दोन्ही बघा, कारण मुलींना दोन्हीकडून सीट मिळू शकते, आणि एलचा कटऑफ बऱ्याचदा थोडा खाली असतो.

कॉलेज निवडताना आपल्याकडे चॉइस भरपूर आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीचं ए. पी. शाह, पूर्वेला कोपरीचं के. सी., ऐरोलीला दत्ता मेघे, कोपरखैरणेला लोकमान्य टिळक, वाशीला अॅग्नेल, नेरुळला एसआयईएस आणि तेरणा, खारघरला सरस्वती, नवीन पनवेलला पिल्लई. नावावरून भांडण्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या ब्रँचची लॅब कशी आहे आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं काय सांगतात, गेटवर उभं राहून सरळ विचारा, सांगतात. दुसरी, येण्याजाण्याचा वेळ, आणि याला मी फार महत्त्व देते. डोंबिवली, दिवा, कळव्याहून येणाऱ्याला ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडली की ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ सरळ पडतं, आणि ती गाडी सकाळी तुडुंब असली तरी वेळेचा अंदाज असतो. घोडबंदर रोडचं तसं नाही. अंतर कमी वाटतं पण सकाळी माजिवड्यापासून पुढे बस किती वेळ रखडेल सांगता येत नाही. तुम्ही उशिरा जॉइन होणार, तुम्हाला संध्याकाळी अभ्यासाला दोन तास हवेत, ते दोन तास प्रवासात जाणार असतील तर कॉलेज कितीही नावाजलेलं असो, पुन्हा विचार करा. अॅडमिशन झाली की ऑफिसमधून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म लगेच घ्या.

डीम्ड आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या या कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या या मेरिटवरच्या राऊंडच्या, बाहेर असतात, त्यांचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, आणि सरकारी फी सवलतीचा हिशोबही वेगळा. एजंट फोन करून "सीट पक्की करून देतो" म्हणेल, त्याला एक रुपया देऊ नका. कॅपमध्ये कुणी कुणाला सीट मिळवून देऊ शकत नाही.

आता मॅथ्स

अॅडमिशन मिळाल्यावर पेढे वाटून झाले की खरं काम सुरू होतं. डीएसईचे राऊंड संपेपर्यंत तिसरं सेम सुरू होऊन बरेच आठवडे झालेले असतात. तुम्ही वर्गात जाता तेव्हा पहिली टेस्ट तोंडावर असते आणि फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणजे तिसऱ्या सेमच्या मॅथ्समधला एक चॅप्टर, चालू असतो. बाकीची पोरं बारावीचं मॅथ्स, मग एम-वन, एम-टू, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे मॅथ्सचे पेपर, करून आलेली असतात. डिप्लोमात बहुतेक ब्रँचना पहिल्या वर्षानंतर मॅथ्सचा पेपरच नसतो, म्हणजे तुमचा हात दोन वर्षं सुटलेला. हुशारीचा इथे काही संबंध नाही, हात सुटलाय एवढंच, आणि तो परत बसवता येतो.

सहाव्या सेमची परीक्षा मे महिन्यात संपते आणि वर्ग भरायला दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात सगळं एम-वन, एम-टू करायला जाऊ नका, अर्धवट राहतं आणि घाबरायला होतं. चार गोष्टी पक्क्या करा: डेरिव्हेटिव्हचे फॉर्म्युले, बाय पार्ट्स इंटिग्रेशन, पार्शल फ्रॅक्शन आणि कॉम्प्लेक्स नंबर. त्यातून वेळ उरला तर पार्शल डेरिव्हेटिव्ह. तिसऱ्या सेमला लाप्लास, इनव्हर्स लाप्लास, फुरिअर सिरीज, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल असं ब्रँचप्रमाणे काय काय येतं, नवीन एनईपीच्या स्कीममध्ये किंवा ऑटोनॉमस कॉलेजात थोडं इकडेतिकडे असेल, तुमच्या कॉलेजचा सिलॅबस डाउनलोड करा, पण पाया हाच.

का ते एका गणितात दाखवते. वर १ आणि खाली एस गुणिले (एस + १), याचा इनव्हर्स लाप्लास काढा असं आलं. ज्याला पार्शल फ्रॅक्शन येतं तो एका ओळीत लिहितो, १/एस वजा १/(एस + १). पहिल्याचा इनव्हर्स १, दुसऱ्याचा ई चा उणे टी घात, म्हणजे उत्तर १ वजा ई चा उणे टी घात. झालं. यात लाप्लासचं नवीन ज्ञान फक्त दोन स्टँडर्ड फॉर्म्युल्यांचं आहे, बाकी सगळं जुनं अल्जेब्रा. पोरं अडकतात ती त्या पहिल्या ओळीत. फुरिअर सिरीजमध्ये तसंच, तिथे टी गुणिले साइन, टी वर्ग गुणिले कॉस असलं इंटिग्रेशन पुन्हा पुन्हा करावं लागतं, बाय पार्ट्स हातात बसलेलं असेल तर अख्खा चॅप्टर सोपा, नसेल तर प्रत्येक गणित पहिल्या पानावरच थांबतं. रोज दहा गणितं, वहीत, पेनाने. व्हिडिओ बघून "कळलं" वाटतं, पण हात चालत नाही.

कॉलेजने डीएसईवाल्यांसाठी ब्रिज कोर्स किंवा एक्स्ट्रा लेक्चर ठेवलं असेल तर एकही चुकवू नका, ठेवलं नसेल तर सगळे डीएसईवाले मिळून एचओडींकडे जा आणि मागा. एकटं जाण्यापेक्षा दहा जण गेले की लगेच व्यवस्था होते. जॉइन झाल्या दिवशीच मागचे राहिलेले प्रॅक्टिकल, असाइनमेंट आणि टेस्टचं काय ते प्रत्येक सरांना, मॅडमना विचारून तारखा लिहून घ्या, टर्मवर्कचे मार्क तिथेच जातात.

पेपर लिहायची पद्धतही बदलते. डिप्लोमात दोन, चार, सहा मार्कांचे छोटे प्रश्न असतात, इथे पाच-दहा मार्कांचे, डेरिव्हेशनसकट. जुने पेपर काढून एक-दोन उत्तरं घड्याळ लावून लिहून बघा. तुमची बाजू प्रॅक्टिकलला भक्कम आहे हे विसरू नका. वर्कशॉप, ड्रॉइंग, मल्टिमीटर, वायरिंग, प्रोजेक्टचं मॉडेल हे बारावीवाल्यांनी क्वचित केलेलं असतं. लॅबच्या ग्रुपमध्ये त्यांना तुम्ही हे शिकवा, मॅथ्स त्यांच्याकडून शिका, आमच्या बॅचला बऱ्याच जणांचं एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमचं मॅथ्स, असंच निघालं.

नोकरी लागलीये, रबाळे किंवा वागळे इस्टेटला, आणि घरी पगाराची गरज आहे असं असेल तर नोकरी सोडायची घाई करू नका. एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिग्री करायची परवानगी काही कॉलेजांना दिलेली आहे, अनुभवाची अट असते, तुमच्या जवळ कुठे आहे का ते आधी बघा.

फीचं शेवटी सांगते कारण ते अॅडमिशननंतर करायचं असतं, पण घरी बोलणं आधीच करून ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि अॅडमिशन कॅपमधून असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते, आणि २०२४ पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसीच्या मुलींना त्याच उत्पन्न मर्यादेत ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एससी, एसटीसाठी वेगळ्या योजना आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला हे मिळत नाही, म्हणून कॅपच्या शेवटच्या राऊंडपर्यंत धीर धरा. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, करायचा, डिप्लोमाला केलेला असला तरी नव्या कोर्सची माहिती टाकून नव्याने. बँक खात्याला आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार जोडणं, झालंय का ते बँकेत जाऊन विचारा, कारण केवायसी आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीडिंग नसेल तर मंजूर झालेले पैसेही खात्यात येत नाहीत. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. अर्ज केला की कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्ककडे प्रिंट द्या आणि तो कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का ते पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा.